मागचा लिव्हर

गावच्या दोन बिघ्यांसाठी मिनी ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून सामरवरणीच्या कारखान्यांजवळच्या भाड्याच्या खोलीत सुकदेवने तीन महिने मोबाइलवर अभ्यास केला. नांगर वर-खाली करणारा मागचा हायड्रॉलिक लिव्हर लाल ट्रॅक्टरला कसा नरम आणि निळ्याला कसा कडक, हे त्याने मेहुण्याला, चहावाल्याला, अख्ख्या चाळीला समजावलं. बायकोने एकदाच तोंड उघडलं, तर म्हणाला, "तानू, मशिनरीतलं तुला काय समजतं?"

शेवटी लालचा बयाणा देऊन साहेब पेढे घेऊन आले. तानूबाईने पेढा खाल्ला आणि शिफ्टला निघताना गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलं.



"अहो, दोन्हींचा लिव्हर एकच आहे, आमच्याच कंपनीतून जातो. लालला लाल मूठ, निळ्याला निळी. सात वर्षं झाली, मीच बसवते."