मुखवट्याला डोळे नसतात

माझी धाकटी बहीण न्गोकादी हिच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. "दादा, माझा मिकोबी खरंच बुडाला का? तू लिहिलंस तरच मी मानेन. नाहीतर त्याला शोधायला गावी येते." नदीनं तिच्या मुलाचं प्रेत दिलं नव्हतं. माझीच खात्री नव्हती, तर मी काय लिहिणार?

काल एका मानकऱ्याच्या मयतीत राजाचा मुखवटा नाचायला निघाला. कवड्यामण्यांनी मढवलेल्या त्या चेहऱ्याला डोळ्यांची भोकं नसतात. आतल्या माणसाला हाताला धरून न्यावं लागतं. ते काम माझं.

नेहमी मुखवटा घालणारा म्बोप मला गर्दीत उभा दिसला.

"अरे, मग आत कोण?"

"मास्तर, एवढी पुस्तकं वाचलीत आणि हे विचारता? आत वोत, आपला पहिला राजा! दुसरं नाव घ्यायचं नसतं." तो हसला. "त्याला खड्ड्यात पाडू नका म्हणजे झालं."

मी मुखवट्याचा हातमोजा धरला. आत बोटं नव्हती.

तरीही तो मला ओढत निघाला. ढोल मागे राहिले. कुठेही न अडखळता तो न्गोकादी गाव सोडून गेल्यापासून बंद असलेल्या तिच्या घरापाशी आला आणि त्यानं कडी वाजवली. मिकोबी उशिरा घरी आला की वाजवायचा, अगदी तशी हळूच.

आज सकाळीही मुखवटा त्या दारासमोर उभा होता.

मी लिहिलं, "मिकोबी गेला. मी स्वतः त्याला पुरलं. गावी येऊ नकोस."

पाकीट तेव्हाच टपालात टाकलं.