आपण म्हणजे कोण?

मधल्या सुट्टीनंतर रेवती इंगवलेने चुकून संघमित्रा वाघमारेची ई-पाटी उचलली आणि इतिहासाचा धडा मोठ्याने वाचू लागली. "आपण गावच्या विहिरीवर गेलो, तेव्हा आपल्याला दगड मारले." ती अडखळली. "बाई, काल माझ्या पाटीत तर आपणच विहीर सगळ्यांना खुली केली होती!"

"आपण म्हणजे कोण गं?" संघमित्राने विचारलं. "आणि मग दगड कुणी मारले?"

पाटी आडनाव बघून धडा बदलते, हे साळुंखेबाईंनी मुलींना कधी सांगितलंच नव्हतं.

रेवतीने बाईंकडे रोखून पाहिलं. "तुमच्या पाटीत काय लिहिलंय?"

बाईंनी पाटी पालथी घातली, पण त्याआधीच संघमित्राने वाचलं होतं: 'या गावात विहीर नव्हती.'

बाई उठल्या आणि त्यांनी विहिरीकडची खिडकी लावून घेतली.