जनकाचा सूर

शिरड शहापूरचा जळबा गोंधळी कुणाच्या गोंधळाला निघाला, की तुणतुणं उचलून बायकोला म्हणायचा, "जनका, सूर दे." जनकाबाई चुलीपासूनच आवाज लावायची. तो खुंटी पिळून तार त्या आवाजाला मिळवायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा.

त्याला जाऊन तीन वर्षं झाली. तुणतुणं भिंतीला टांगलेलं आहे. जनकाबाई रोज ते पुसते, तार छेडते. खुंटीला कुणी हात लावत नाही, तरी तार तिच्या आवाजाला मिळालेलीच असते. यंदा म्हातारीचा आवाज खाली उतरला, तर तारही उतरली.

आज दुपारी नात ऐश्वर्या कॉलेजच्या प्रकल्पासाठी तुणतुण्याचा इतिहास विचारायला बसली.

"इतिहास कायचा, बाई? लाकडाचं नळकांडं, खाली चामडं, एक तार. तुह्या आज्याच्या आज्यानंबी बायकोचाच सूर घेतला."

"आन बायको मेली तर?"

"मंग नवरा तार ढिली करून ठेवतो."

ऐश्वर्यानं तुणतुणं मांडीवर घेऊन तार छेडली. हुबेहूब आजीचा सूर. पुन्हा छेडली, तर तो खाली आला. तिसऱ्यांदा आणखी खाली. खुंटी आपोआप, सावकाश उलटी फिरत होती.

"आजी, मी न्हाई करून राहिले हे!"

जनकाबाईनं केसांवरून हात फिरवला, पदर नीट केला. रिकाम्या दाराकडं बघत ती म्हणाली, "लई वाट पाहायला लावली तुमी."