आईशेजारचा चौकोन

ड्रोनने काढलेल्या फोटोवर मी जुन्या दफनभूमीच्या कागदी नकाशातली नावं चढवली, तसा दफनभूमीच्या कार्यालयात आलेल्या दोघा भावांना पडद्यावर त्यांच्या आईच्या थडग्याशेजारी रिकामा चौकोन दिसला. "तिथे मलाच पुरायचं," मोठा म्हणाला. धाकटा हसला, "दादा, लहानपणीही तिच्या कुशीत तूच घुसायचास. मेल्यावर तरी माझा नंबर लागू दे." "तिचं हगणंमुतणं मी काढलं, तेव्हा कुठे मेला होतास?" मोठ्याने कोपऱ्यातलं फावडं उचलून त्याच्या डोक्यात घातलं. धाकटा कोसळला. फावडं पुन्हा वर गेलं, तोच रक्त उडालेल्या पडद्यावर मला रांगेतलं शेवटचं नाव कुंपणाबाहेर, रस्त्यावर पडलेलं दिसलं. मी नकाशा फाटकाच्या चुकीच्या खांबाला जुळवला होता. सगळी नावं एकेक थडगं सरकली होती. "थांबा!" मी किंचाळले. "आईशेजारी जागाच नाहीये!" मोठ्याने फावडं टाकलं, शर्ट काढून जखमेवर दाबला. धाकटा पुटपुटला, "दादा, मग माझ्याशेजारी झोपशील?"