मोहरीएवढं औषध

देवकाबाईनं एका हातानं दहीभात वाढला आणि दुसऱ्या हातानं अफू.

अल्लीपूरच्या शिवारात आज कापसाची पहिली वेचणी होती. वेचणीआधीची सीतादह्याची पूजा झाली, शेतात चारी दिशांना दहीभात उधळला गेला, बायकांनी कमरेला ओट्या बांधल्या. ज्यांच्या कडेवर तान्ही पोरं होती त्या आपोआप एका बाजूला सरकल्या. त्यांना सांगावं लागत नसे. शेताची मालकीण देवकाबाईनं कमरेला खोचलेली डबी काढली आणि ती एकेकीच्या तळहातावर गोळी ठेवत चालली. काळी, चिकट, मोहरीएवढी. ती पोराच्या जिभेला लावायची, पोराला शेताच्या कडेला धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत टाकायचं आणि दिवस कलेपर्यंत विसरून जायचं. मजुरांच्या लेकरांचीसुद्धा काळजी घेते म्हणून देवकाबाईचं गावात केवढं नाव होतं!

जयवंतानंही हात पुढे केला. तिच्या खांद्यावर श्रावण होता. त्याच्या वयाची पोरं रांगत होती, माती खात होती, आयांच्या झिंज्या ओढत होती. श्रावण अजून मानही धरत नव्हता. निंदण सुरू झालं तेव्हापासून, कामाचा दिवस असला की त्याला गोळी असायचीच. तो रडत नसे. भूक लागली तरी मागत नसे. तोंडात घेतलेलं दूधही कधी कधी प्यायचं विसरून जाई.

त्याची बहीण गोपिका नववीत होती. दिवाळीची सुट्टी लागली म्हणून मायसोबत वेचायला आली होती. शाळेत टोचायला आलेल्या नर्सबाईला तिनं फाटकापाशी गाठून श्रावणबद्दल सगळं विचारलं होतं. नर्सबाई म्हणाल्या होत्या, तो झोपत नाही, त्याला नशा चढते, आणि एक दिवस तो उठणारच नाही. गोपिकेनं ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. जयवंतानं चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली, "नर्सबाई येते का माह्या बदल्यात कापूस येचाले?"

आज गोपिकेनं त्याचं उत्तर शोधून आणलं होतं.

"माय, त्याले नको देऊ. मी बांधतो त्याले पाठीले. तसाच येचतो."

शेजारी उभी असलेली कुंताबाई फिसकन हसली. शाळेत गेली अन् मास्तरीण होऊन आली, म्हणाली, आता पोरं कशी निजवाची ते हे शिकवन आपल्याले. तिनं आपल्या पोरीच्या जिभेवर गोळीचं बोट फिरवलंसुद्धा. देवकाबाई मात्र रागावली नाही. रागावण्याइतकी तिला त्या पोरीची किंमतच नव्हती. ती समजुतीनं सांगू लागली, की हे औषध आहे, तिच्या सासूच्या वेळेपासून चालत आलेलं, लेकरू निवांत अन् मायही निवांत.

तेवढ्यात तिनं नुकत्याच कडेवर घेतलेल्या नातवानं भोकाड पसरलं. टेरिकॉटचं झबलं घातलेला, गालांनी डोळे झाकलेले असा तो गोळामटोळ पोरगा पूजेपासून अधूनमधून किंचाळतच होता. देवकाबाई त्याला थोपटत कौतुकानं सगळ्यांना ऐकवत होती, की रडू द्या, रडल्यानं छाती भरते, पाटलाचा आवाज आहे, हिंगणघाटपर्यंत जाईल. बायका हसल्या. हसायचंच असतं.

गोपिकेच्या कानशिलात काहीतरी तापत गेलं. तिनं मायच्या तळहातावरची गोळी बोटावर उचलली. जयवंताला वाटलं, पोरगी वरमली, आता देते श्रावणला. गोपिका श्रावणजवळून पुढे गेली. सरळ देवकाबाईपुढे उभी राहिली आणि ते काळं बोट तिनं नातवाच्या उघड्या तोंडाजवळ नेलं.

"पाटलीनबाई, हाबी लय रडून राह्यला. याले देऊ?"

देवकाबाईनं तिच्या मनगटावर असा फटका मारला की गोळी कुठल्या कुठे उडाली.

"मारतं का वं माह्या नातवाले?"

कपाशीच्या ओळींत, शेवटच्या तासात शिरलेल्या बाईनंही मान वर केली. आता कोणी हसलं नाही. आपण काय बोललो ते देवकाबाईला सगळ्यांच्या तोंडाकडे पाहून कळलं. तिनं नातवाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"त्याले सवय नाई," ती हळूच म्हणाली. "त्याच्या पोटाले सोसत नाई."

ऊन वाढून राह्यलं, लागा कामाले, असं ती मोठ्यानं म्हणाली, तेव्हा दोघीतिघी खाली मान घालून तासांत शिरल्याही. कुंताबाई तिथंच राहिली. पदराच्या टोकानं ती पोरीची जीभ पुसत होती, आधी चोरून, मग घासून घासून, पोरगी ओकारी काढेपर्यंत.

जयवंता धुऱ्यावर बसली. आज श्रावणच्या जिभेला गोळी लागलीच नव्हती, तरी तो झोपलेला होता. काल भुईमूग उपटताना दिलेली अजून उतरली नव्हती. तिनं त्याला मांडीवर आडवं घेतलं आणि त्याच्या तळपायावर चापट मारली. मग दुसऱ्या पायावर, जोरानं. गोपिकेनं तिचा हात धरायला पाहिलं, तर तिनं तो झटकला. श्रावणनं डोळे अर्धवट उघडले, जांभई दिली आणि परत मिटले.

"रड ना रे बाप्पा," जयवंता म्हणाली आणि पुन्हा हात उचलला. "मोठ्यानं रड. पाटलीनबाईले आयकू जाऊ दे."