राजाची तब्येत

दुकानदाराचा फोन आला, की कुत्र्याच्या बिस्किटांचा नवा माल बिघडलेला निघालाय, पुडे परत पाठवा. नानपुऱ्याच्या पेरीनबाईंनी भांडी घासणाऱ्या प्रमिलाला विचारलं, "राजाला तूच खायला घालतेस ना? उलटीबिलटी केली का गं त्यानं?"

"नाही बाई, ठणठणीत आहे," प्रमिला मान वर न करता म्हणाली. खोटं बोलताना जीभ अडखळते म्हणतात, पण हे खोटंही नव्हतं. राजा समोरच शेपूट हलवत होता.

पेरीनबाईंनी ओट्यावरूनच शेजारणीला हाक मारली, "बधी अफवा छे! आमच्या राजानं अख्खा पुडा फस्त केला, काही झालं नाही!"

शेजारणीनं हुश्श केलं आणि आपल्या पिल्लापुढे बिस्किटांची ताटली सरकवली. प्रमिला तशीच खरकट्या हातांनी धावली आणि चुकून पाय लागल्यासारखं करून तिनं ताटली गटारात उडवली. "आंधळी आहेस का?" शेजारीण कडाडली. प्रमिला परत भांड्यांकडे वळली.

 

आठवडाभर राजा प्रमिलाच्या डब्यातली भाकरी खात होता. आणि लिंबायतच्या खोलीत, कालपासून उलट्या करणाऱ्या तिच्या लेकीच्या, निशाच्या उशाशी, कुत्र्याचं चित्र फाडून काढलेला पुडा पडला होता.