एका वाचकाची कादंबरी

"आधी सांगा, तुमच्या कादंबरीत माणसं किती आहेत?" ग्रंथपाल बाईंनी संगणक सुरू करता करता विचारलं.

तो मनातल्या मनात मोजू लागला. साहेब, हेडक्लार्क, रोज उशिरा येणारा शिपाई, सगळ्यांच्या भानगडी माहीत असलेल्या टेलिफोनवरच्या ताई, कँटीनचा मालक. "पंधरा-वीस तरी असतील," तो म्हणाला. "वाढतच चालली आहेत."

"वाढू देऊ नका. मी वाढू दिली, आता कोण कोणाचा मेव्हणा ते माझं मलाच कळत नाही."

बाई स्वतः कित्येक वर्षं एक जाडजूड कादंबरी लिहीत होत्या. ती संपायचं नाव घेत नव्हती. पण त्या नादात लेखनाची झाडून सगळी सॉफ्टवेअर्स त्यांनी पालथी घातली होती, आणि कोणी विचारलं की त्यांची कळी खुलायची.

वाचनालयातलं खिडकीजवळचं टेबल त्याचं. दार उघडलं की तो यायचा आणि संध्याकाळपर्यंत कागदावर काहीबाही खरडत बसायचा. कोणी जवळ आलं की कागद उलटा करायचा. बाईंनी थोडे दिवस बघितलं आणि एकदा विचारलंच, "लिहिता वाटतं?" त्याच्या तोंडून हो निघून गेलं. तेव्हापासून त्या त्याला लेखकमहाशय म्हणू लागल्या. त्यांनी तशी हाक मारली की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बाईंना वाटायचं, गडी लाजाळू आहे.

"बरं, नडतंय कुठे?"

"चुका होतात. उन्हाळ्यात मी शिपायाची आई मारली होती. परवा तिलाच दवाखान्यात भरती केलं."

बाई इतक्या हसल्या की पेपर वाचणाऱ्या आजोबांनी मान वर केली. "कोणी पकडलं मग?"

"बायकोने. तिला रोज जेवताना थोडं थोडं ऐकवतो. काही बोलली नाही ती. नुसती बघत राहिली."

"नशीबवान आहात. माझ्या नवऱ्याने पहिल्याच प्रकरणात हात टेकले." बाईंनी डोळे पुसले. "त्यात काय एवढं? दवाखान्यात आहे तिला मावशी करून टाका. लहानपणापासून सांभाळलं, म्हणून तो तिला आई म्हणतो. झालं."

हे त्याला अजिबात सुचलं नव्हतं. त्याने ते लगेच टिपून घेतलं. स्वतःची त्याला शरमही वाटली. एका परक्या बाईचं डोकं आपण कशासाठी वापरतोय, हा विचार त्याने मागे सारला.

"तिचा एकदा विश्वास उडाला की संपलं," तो म्हणाला.

"इतकं मनाला लावून घेऊ नका. दुसरे वाचक मिळतील."

"मला दुसरा वाचक नकोय."

बाईंनी त्याच्याकडे जरा निरखून बघितलं, पण विषय वाढवला नाही. त्यांनी एक सॉफ्टवेअर उघडून दाखवलं. पडद्यावर सगळी प्रकरणं चिठ्ठ्यांसारखी टाचलेली होती, हवी तशी हलवता येत होती. मोठं देखणं होतं, पण फोनवर चालत नव्हतं. दुसरं फोनवर चालायचं, पण त्याला दर महिन्याला वर्गणी. तो खिडकीबाहेर बघायला लागला तेव्हा बाईंनी ते गुपचूप बंद केलं.

"मग हे घ्या. फुकट आहे आणि साधं आहे. प्रत्येक माणसाचं एक कार्ड करायचं. नाव टाकलं की त्याचं आतापर्यंतचं सगळं समोर येतं."

"लगेच येतं?"

"लेखकाला कसली हो एवढी घाई?"

"जेवताना बघायचं झालं तर. एका हाताने."

"तुम्ही अजब आहात. रोज इस्त्रीचा शर्ट घालून लिहायला बसणारा लेखकही मी पहिल्यांदाच बघते." त्यांनी नवं कार्ड उघडलं. "नायकापासून सुरुवात करू. करतो काय तो?"

"नोकरी."

"स्वभाव?"

"प्रामाणिक," तो म्हणाला. हे सांगताना त्याला बाईंच्या तोंडाकडे बघवेना.

"आणि त्याला हवंय काय? नायकाला काहीतरी हवं असावं लागतं."

त्याने समोरचे कागद सारखे केले. "संध्याकाळी मान वर करून घरी जाता यावं."

"छान आहे," बाई म्हणाल्या. यावेळी त्या हसल्या नाहीत. "मग अडचण काय येते त्यात?"

"ते अजून सांगायला जमलेलं नाही."

संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. फोन पाण्याच्या भांड्याला टेकवून ठेवला. दुपारभर खपून त्याने एकूण एक कार्ड भरलं होतं. बायकोने दोघांची ताटं वाढली आणि ती समोर बसली.

"आज काय झालं ऑफिसात?" तिने नेहमीसारखं विचारलं.

तो सांगू लागला. साहेबांच्या बदलीचं सांगितलं, टेलिफोनवरच्या ताईंचं भांडण सांगितलं. मग फोनकडे हळूच नजर टाकून म्हणाला, "आणि शिपायाची ती आजारी बाई म्हणजे त्याची आई नव्हे बरं का, मावशी. तिने सांभाळलं ना त्याला, म्हणून आई म्हणतो. मीच परवा घोळ घातला."

ती हनुवटीला हात लावून सगळं ऐकत होती. तो थांबल्यावर तिने फोन उचलून बाजूला ठेवला आणि त्याच्या ताटात आणखी थोडं वाढलं.

"मावशी केलीत ते बरं केलंत," ती म्हणाली. "आता तुमची नोकरी गेली, त्या दिवसाचं सांगा. वर्षभर वाट बघतेय मी."